दोन जावांची बाज

मित्रांनो, रोहिणखेडच्या एका घराच्या ओसरीवर भिंतीला टेकून असलेली मी एक जुनी बाज आहे. तुमच्यापैकी काही जण मला खाट म्हणतील. म्हणा. पण आमच्याकडे बाळंतीण झोपते तीही बाजेवर आणि म्हातारा माणूस शेवटची वर्षे काढतो तोही बाजेवरच.

शेताच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, एक बाभूळ पडली, तेव्हा इंद्रभान सुताराने तिच्यातून माझे चार पाय आणि चार लाकडे काढली. मला विणले ते या घरच्या दोन भावांनी. थोरले रामराव दोरी ओढायचे आणि धाकटे हिंमतराव ती पायाने दाबून धरायचे. अंबाडीची ती दोरी इतकी घट्ट बसली होती की लहान मुले माझ्यावर उड्या मारायची. रामरावांचा गजेंद्र माझ्यावर जन्मला. हिंमतरावांची निशिगंधाही माझ्यावरच जन्मली. उन्हाळ्यात माझ्यावर कुरडया वाळायच्या. पाहुणा आला की आधी मला अंगणात ओढत, मग पाण्याचा तांब्या येई. "बाज मोठी दमाची आहे," असे पाहुणे म्हणत, तेव्हा मला फार बरे वाटे.

दोघा भावांची वाटणी झाली. एकाच अंगणात समोरासमोर दोन घरे झाली. शेताचे दोन भाग पडले, भांडी वाटली गेली. राहिल्या त्या मंजुळाबाई, दोघा भावांची आई. दोन्ही सुना त्यांना मामी म्हणत. त्यांच्यासाठी पाळी ठरली. एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे. अमावस्या झाली की दोघे भाऊ मला दोन्ही बाजूंनी उचलत आणि आईसकट समोरच्या घरात नेऊन ठेवत. मंजुळाबाईंना कुठे राहायला आवडते, हे कोणी विचारले नाही. त्यांनीही कधी सांगितले नाही. दोन्हीकडे त्यांना जेवायला वेळेवर मिळे, म्हणून सगळ्यांना वाटायचे की चांगले चालले आहे.

मग अधिक महिना आला. तो महिना कोणाच्याच पाळीत नव्हता. थोरल्या घरचे म्हणत, आमचा महिना संपला. धाकट्या घरचे म्हणत, आमचा सुरूच झाला नाही. शेतावर जायची घाई होती, म्हणून भावांनी मला आईसकट अंगणाच्या मध्यावर कडुनिंबाच्या सावलीत ठेवले आणि ते निघून गेले. मागे दोन जावा राहिल्या. थोरली रुखमाबाई आपल्या दारात आणि धाकटी कोकिळा आपल्या दारात. आधी कोण उचलायला येते, हे दोघी पाहत होत्या.

ऊन चढले. सावली सरकली आणि माझ्या पायाकडून ऊन मंजुळाबाईंच्या अंगावर येऊ लागले. त्यांनी पदर तोंडावर ओढून घेतला. त्या हाक मारतील असे मला वाटले होते, पण त्यांनी हाक मारली नाही. माझी लाकडे तापली. दोन्ही दारांत बायका उभ्या होत्या आणि दोन्ही दारांतून कोणी बाहेर येत नव्हते. अखेर दुपार कलल्यावर भाऊ परत आले, तेव्हा त्यांनी आईला आत नेले.

त्या वर्षाच्या दिवाळीआधीच मंजुळाबाई वारल्या. त्यानंतर दोघी जावा एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. गावाला वाटले, भांडण धुऱ्याचे असेल. मला माहीत होते, ते त्या दुपारचे होते. दोघीही दोष समोरच्या दारावर टाकत होत्या.

पुढे रामराव गेले आणि मग हिंमतरावही गेले. गजेंद्र नोकरीसाठी नाशिकला गेला. निशिगंधा लग्न होऊन संग्रामपूरला गेली. एका अंगणात दोन एकट्या बायका राहू लागल्या. एकीच्या चुलीचा धूर दुसरीला दिसे, पण हाक जात नसे. मी रुखमाबाईंच्या ओसरीवर होते. माझी दोरी सैल होऊन मधोमध झोळी पडली होती. माझ्यावर आता गोधड्यांचा ढीग असायचा.

एके सकाळी रुखमाबाई न्हाणीत घसरून पडल्या. पाण्याची बादली उलटल्याचा आवाज आला आणि मग एक बारीक कण्हणे. दार आतून लावलेले होते. कोकिळा अंगणात सोयाबीन पाखडत होती. तिचे हात थांबले. ती उठली. मग तिने सूप खाली टाकले आणि कित्येक वर्षांनी आमच्या दारात पाय ठेवला.

"बाई," ती म्हणाली, "कोठी लागलं तुमाले?"

आतून उत्तर आले नाही. कोकिळेने शेजारच्या गीताबाईंना बोलावले आणि दोघींनी मिळून दाराची कडी उखडली. रुखमाबाईंना उचलून माझ्यावर आणले, तेव्हा त्यांचा उजवा हात मनगटापासून वाकडा झाला होता. मोताळ्याच्या दवाखान्यात हाताला पट्टी बांधून आणली, तोपर्यंत दोघींच्या मध्ये गीताबाईच बोलत होत्या.

गजेंद्र आणि त्याची बायको पुष्पांजली मलकापूरपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने आले. गजेंद्रने आल्या आल्या आईचे पाय दाबले आणि लगेच घरातली कपाटे आवरायला घेतली. घराला कुलूप लावायचे, आईला नाशिकला न्यायचे, परतीची तिकिटे काढली आहेत, असे तो भराभर सांगत होता. तो वाईट नव्हता, मित्रांनो. तो घाबरला होता. घाबरलेला माणूस लवकर ठरवून टाकतो.

रुखमाबाईंनी त्याला थांबवले. निशिगंधा त्याच दिवशी मोठ्या आईला पाहायला संग्रामपूरहून आली होती. रुखमाबाईंनी तिला, गीताबाईंना आणि कोकिळेला आत बोलावून घेतले. कोकिळा उंबऱ्याजवळच बसली, उठून जाता येईल अशी. रुखमाबाई माझ्यावर बसल्या. हात गळ्यात बांधलेला होता.

"गजेंद्र, तू मले नेऊन राह्यला ते मायेनंच," त्या म्हणाल्या. "पण तू मले इचारलं नाई."

"त्यात इचाराचं काय, आई? पोरगा असून माय इथं एकटी पडते, लोक मले काय म्हणतीन?"

तेव्हा पुष्पांजली हळूच बोलली. आपण दोघेही सकाळी नोकरीला जातो, घर तिसऱ्या मजल्यावर आहे, आई दिवसभर बंद दारामागे एकट्या राहतील आणि आपला जीव कामावर लागणार नाही, असे तिने सांगितले. हे आधी बोलायला ती घाबरत होती, कारण सून म्हणून आपल्यालाच नाव ठेवले जाईल असे तिला वाटत होते. गजेंद्र तिच्याकडे रागाने पाहत राहिला. पण रुखमाबाई म्हणाल्या की खरे बोललीस, बरे झाले.

मग त्यांनी आपल्या मनातले सांगितले. पडल्या दिवसापासून त्या आढ्याकडे बघत विचार करत होत्या, हे मला ठाऊक होते. डोके आणि अंग साथ देईल तोवर त्यांना याच घरात राहायचे होते. शेत मक्त्याने कसायला द्यायचे आणि त्याचे उत्पन्न फक्त दुखण्याखुपण्यासाठी बाजूला ठेवायचे. गीताबाईंनी सकाळ-संध्याकाळ यायचे, अंघोळीला हात द्यायचा आणि त्याची रीतसर मजुरी घ्यायची. शेजारधर्म म्हणून फुकट नाही. न्हाणीत धरायला दांडी आणि बाहेरून उघडेल अशी कडी बसवायची. उद्या डोके चालेनासे झाले, तर गजेंद्र आणि निशिगंधा दोघांनी मिळून ठरवायचे, एकट्याने नाही. आणि घरी करणे होईनासे झाले, तर जिथे सोय होईल तिथे त्या जातील, तेव्हा त्यांच्या रडण्याकडे पाहायचे नाही.

हे शेवटचे ऐकून गजेंद्रने मान खाली घातली. म्हातारपणाबद्दल इतके उघड कोणी बोलले, की लोकांना वाटते अशुभ बोलले.

"आन् कोकिळा," रुखमाबाई म्हणाल्या, "तू अन् मी एका घरात राहू. तुह्यी हरकत नसंन तं."

निशिगंधा एकदम उभी राहिली. "मोठी आई, इतकी वर्सं तुमी माह्या आईशी बोलल्या नाई. आता हात मोडला तं तिची आठोन आली?"

ते खरेच होते. कोणी निशिगंधेला गप्प केले नाही. रुखमाबाईंचा चेहरा उतरला, पण त्यांनी नजर कोकिळेवरून काढली नाही.

"त्या दिवशी मामी उन्हात होत्या," त्या म्हणाल्या. "मी दारात होती. तूही दारात होती. दोघीले दिसत होतं."

कोकिळेने उंबऱ्यावर हात टेकला. "हाव," ती म्हणाली. "मले अजूनही दिसते."

मग तिने एवढेच सांगितले की आपण कोणाची चाकरी करायला येणार नाही. निशिगंधेने तो धागा पकडला. माझी आई आधी पडली तर, तिने विचारले, तिच्यासाठीही हेच सगळे ठरले आहे का? गीताबाईंना हसू आले. कोकिळा तेव्हा डोक्यावर कडब्याचा भारा घेऊन शेतातून चालत यायची. पण रुखमाबाई हसल्या नाहीत. जे माझ्यासाठी तेच कोकिळेसाठी, तिचेही शेत तसेच, तिचाही शब्द तसाच, असे त्या म्हणाल्या. आणि तिला काय हवे ते तिने आजच बोलावे. विचार करून सांगते म्हणून कोकिळा निघून गेली.

पुढचे काही दिवस घरात कोणाचे चित्त थाऱ्यावर नव्हते. गजेंद्रने रजा वाढवली, पण बांधलेल्या पिशव्या सोडल्या नाहीत. समोरचे दार वाजले की सगळे तिकडे पाहत. कोकिळा पाणी भरी, शेतात जाई, परत येई. आमच्याकडे बघत नसे.

एका सकाळी ती न बोलावता ओसरीवर आली. माझ्यावरच्या गोधड्या तिने खाली ठेवल्या, मला आडवी केली आणि पायाकडची दोरी एकेक पीळ धरून ओढायला लागली. माझी लाकडे करकरली. रुखमाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अशा बाजीवर झोपून पाठ राहीन का?" कोकिळा म्हणाली. "धरा तिकडून. डाव्या हातानं धरा."

रुखमाबाईंनी डाव्या हाताने दोरी धरली. मित्रांनो, त्या दिवशी गजेंद्रने पिशव्या सोडल्या. आणि त्याच दुपारी कोकिळेने आपल्याला काय हवे तेही सांगितले. मला पोरीच्या सासरी पडून राहायचे नाही, तिने तिथे माझ्यापायी खाली मान घालू नये, मला इथेच राहू द्या. निशिगंधा ऐकत होती. तिला ते पटले नव्हते, हे तिच्या ओठांवरून कळत होते.

कोकिळा आमच्या घरात राहायला आली. न्हाणीत दांडी बसली, पायरीच्या जागी उतार झाला. गीताबाई येऊ लागल्या. दुखले-खुपले तर आधी कोणाला फोन करायचा, मग कोणाला, हे दोघी जावांनी पाठ केले. दोघी भांडत नसत असे नाही. कोकिळा भाजीला तिखट जास्त घाली आणि रुखमाबाई नाव ठेवत. पण एकीला खोकला आला की दुसरी उठून बसे.

पुढच्या वर्षी कपाशी फुटत होती तेव्हाची गोष्ट. सकाळी कोकिळा चहाचा कप घेऊन माझ्याकडे येत होती आणि तिच्या हातातून कप सुटला. ती तो उचलायला वाकली आणि तशीच एका अंगावर कलंडली. तिला काही सांगायचे होते, पण शब्द न येता नुसता आवाज आला. तोंड एका बाजूला ओढले गेले होते.

घरात रुखमाबाई एकट्या होत्या. गुडघे दुखत, म्हणून त्यांना खाली बसता येत नव्हते. बसल्या तर उठता येणार नव्हते. त्या माझ्या लाकडाला धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी फोन लावला. आधी गीताबाईंना, मग रुग्णवाहिकेला, मग मुलांना. पाठ केलेल्या क्रमाने. गावाचे नाव, घराची खूण त्यांनी नीट सांगितली. गीताबाई धावत आल्या. गाडी येईपर्यंत त्यांनी कोकिळेला कुशीवर धरून ठेवले आणि तिच्या तोंडात पाणी घालू दिले नाही.

गाडी बुलढाण्याकडे गेली. गीताबाई सोबत गेल्या. रुखमाबाई माझ्यावर बसून राहिल्या. सांडलेला चहा तसाच होता, त्यावर माश्या बसल्या. फोन मांडीवर होता आणि तो वाजत नव्हता. शेजारच्या बायका येऊन धीर देऊन गेल्या. दुपारी फोन वाजला, तेव्हा रुखमाबाईंना तो पटकन उचलता आला नाही. वेळेत पोचल्या, असे गीताबाईंनी सांगितले. जीव वाचेल. पण उजवे अंग आणि वाचा परत येईल की नाही, हे डॉक्टर सांगत नव्हते.

गजेंद्र काकूसाठी धावून आला. निशिगंधा तर दवाखान्यातून हललीच नाही. आणि कोकिळेला सोडले त्या दिवशी खरा पेच उभा राहिला. गाडी अंगणात आली, पण निशिगंधा एकटीच खाली उतरली. आईचे कपडे बांधून द्या, ती म्हणाली, गाडी पुढे संग्रामपूरला जाणार आहे.

रुखमाबाई काठी टेकत ओसरीवरून उतरल्या. आदल्या वर्षी काय ठरले होते, याची त्यांनी आठवण दिली.

"तवा ती चालत होती," निशिगंधा म्हणाली. "आता तिले कुशीवर वळवा लागते. तुमाले तुमचंच उठता येत नाई, मोठी आई. तुमी काय करसान?"

तिचे चुकत नव्हते. गाडीचा चालक लवकर करा म्हणत होता. गाडीचे मागचे दार उघडे होते आणि आत कोकिळा पडून वर छताकडे पाहत होती. तिच्याविषयीच बोलणे चालले होते आणि तिला सगळे ऐकू येत होते.

रुखमाबाई भांडल्या नाहीत. "तू म्हणशीन तसं," त्या म्हणाल्या. "पण माह्यं ऐकू नको अन् तुह्यंही नको. तिले इच्यार."

"तिले बोलता येत नाई."

"इच्यार तं."

निशिगंधा गाडीत चढली. मला गाडीच्या दाराशी आणून ठेवले होते, गरज पडली तर कोकिळेला घरात न्यायला, म्हणून मला सगळे दिसत होते. ती आईच्या कानाशी वाकली आणि विचारले, आई, माह्या घरी येतं का? कोकिळेने डोळे मिटले. निशिगंधेला वाटले, हो म्हणते आहे. मग तिने विचारले, का इथंच राहतं? कोकिळेने डोळे उघडले. तिचा डावा हात चादरीखालून निघाला, चाचपडत गाडीच्या दारापर्यंत आला आणि तिने माझे लाकूड धरले. बोटांत जोर नव्हता. निशिगंधेने तो हात सोडवायला पाहिला आणि मग नाही सोडवला.

ती गाडीतच बसून रडली. चालकाने गाडी बंद केली.

काळजी मात्र नुसत्या हो म्हणण्याने होत नाही. शेताच्या उत्पन्नातून बाजूला ठेवलेल्या पैशातून डोक्याकडून उचलता येणारा पलंग आला. गजेंद्रने तो स्वतः जोडला. गीताबाईंच्या जोडीला त्यांची भाचीही दोन वेळा येऊ लागली. निशिगंधा काही आठवडे राहिली, अंग पुसायला आणि कुशीवर वळवायला शिकली, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचे ते तिने सगळ्यांना दाखवले. कधी चिडली, कधी थकून ओसरीवर माझ्यावर येऊन गप्प पडली. रुखमाबाईंना उचलता येत नव्हते, पण त्या कोकिळेला भरवत, औषधाची वेळ सांभाळत आणि दिवसभर तिच्याशी बोलत. वर्षानुवर्षांचे बोलणे साठले होते.

आता कोकिळेला थोडे शब्द आले आहेत. पहिल्यांदा नीट कळला तो "तिखट". भाजी फार अळणी होती म्हणे. पुढे कोणाला काय होईल, हे मला माहीत नाही. रुखमाबाईंची नजर कमी झाली आहे आणि एक दिवस हे घरी करणे जमणारही नाही. पण तेव्हा काय करायचे, ते दोघींनी आपल्या तोंडाने सांगून ठेवले आहे.

मित्रांनो, तुमच्या घरच्या आजी-आजोबांचे पाय दाबा, औषध द्या, हे सगळे तुम्हाला सांगतातच. मी आणखी एक सांगते. त्यांना कुठे राहायचे आहे, कोणाचा हात लागलेला चालेल, कशाची भीती वाटते, हे त्यांना बोलता येते तोवर विचारा. मागच्या महिन्यात निशिगंधेने आपल्या सासू-सासऱ्यांना हेच विचारले, आणि इथे आल्यावर ते माझ्यावर बसून सांगितले. आम्ही काय मरायला टेकलो का, म्हणून सासरे ताटावरून उठून गेले. दुसऱ्या दिवशी सासू-सून दोघीच भाजी निवडत बसल्या होत्या. मेथीची अर्धी जुडी होईपर्यंत सासूबाई गप्पच होत्या, आणि मग त्यांनी सांगायला सुरुवात केली.

तेव्हा विचारा, आणि उत्तर येईपर्यंत त्यांच्याजवळून घाईने उठू नका.